तुडतुड्यांनी खाल्लेला चहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत चहावर पानभर मजकूर आला, काचेची किटली, तिच्यात उमलणारं फूल, बाजूला बांबूची चटई आणि वर मोठ्या अक्षरात 'लूज लीफ'. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना राग आला आणि रागात वाचलेलं डोक्यात राहत नाही. त्यात एक वाक्य होतं की ग्रामीण भागात चहा म्हणजे दूध, साखर आणि उकळी, तिथे पानाच्या चवीची जाण अजून पोचलेली नाही. आणि उरलेला अर्धा लेख पोट कसं कमी करायचं यावर. तर मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात सहा एकर कोरडवाहू करणारा माणूस आहे, कपाशी आणि तूर, आणि गेली चार वर्षं सकाळचा पहिला चहा पानाचा पितो, बिनदुधाचा, बिनसाखरेचा, म्हणून हे पत्र. लांब होईल, आधीच सांगतो.

पहिलं भांडण शब्दाचं. तुमच्या लेखात 'लूज' म्हणजे भारी माल. आमच्या आठवडी बाजारात 'खुली पत्ती' म्हणजे सगळ्यात हलका माल, पोत्यात उघडी पडलेली, तागडीत टाकून पन्नीत बांधून देतात, आणि कधी कधी तिचा रंग पाण्यात उतरायच्या आधी बोटालाच लागतो. (ओल्या टीपकागदावर चिमूटभर पसरून बघा, लाल-तपकिरी डाग लगेच पसरले तर पत्ती रंगवलेली आहे, हे तरी छापायचं होतं साहेब, पोटाच्या घेरापेक्षा ते कामाचं होतं.) म्हणजे खुलं असणं हा काही गुण नाही. गुण आहे पान अख्खं राहण्यात. अख्खे धणे डब्यात वर्षभर वास धरून राहतात आणि दळलेली धणेपूड दोन महिन्यात भुसा होते, तसंच हे. आपण जी दाणेदार पत्ती पितो ती म्हणजे पान चिरडून, फाडून, गोळी वळवून केलेली, सीटीसी म्हणतात तिला, ते मशीन १९३० च्या सुमारास आसामात आमगुरीच्या मळ्यावर विल्यम मॅकर्चर नावाच्या मॅनेजरने काढलं, आणि आज आपल्या देशात तयार होणाऱ्या दहा किलो चहातला जवळपास नऊ किलो तसाच होतो. ती वाईट नाही. दुधाला तीच लागते, पानाचा चहा दुधात जीवच धरत नाही, हे आमच्या घरी प्रयोगाने सिद्ध झालेलं आहे, ते असं.

माझा पुतण्या फौजेत आहे. त्याची पोस्टिंग सिलिगुडीच्या बाजूला होती तेव्हा सुट्टीवर येताना त्याने दार्जिलिंगच्या चहाचा शंभर ग्रॅमचा पुडा आणला, साडेचारशे रुपयाचा. किंमत ऐकून आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण नातवाने आणलेला म्हणून तिने मोठ्या कौतुकाने गंज चुलीवर ठेवला, अद्रक ठेचून टाकलं, साखर, दूध, आणि दोन चमचे ती पानं. रंगच येईना. अजून दोन टाकले. दहा मिनिटं खळखळ उकळलं तरी फिक्कं. शेवटी बशीत ओतून एक घोट घेतला आणि म्हणाली, "याले च्या म्हंतेत का बाप्पा? गरम दूध हाय हे. तुले फसवलं बाबू दुकानदारानं." पुतण्या हसत उठला, त्याने नुसतं पाणी उकळलं, खाली उतरवून जरा थांबला, स्टीलच्या डब्यात चमचाभर पानं टाकून त्यावर पाणी ओतलं, झाकण ठेवलं, मोबाइलवर तीन मिनिटं लावली आणि गाळून दिलं. आई म्हणे, हे तं गोमूत्र दिसते. दिसत होतंच तसं, खोटं कशाला बोलू. पण कप नाकाशी नेला आणि मला आमच्या मामाचं गाव आठवलं, जंगलाच्या काठचं, चैतात अंगणात मोहफुलं वाळत घातलेली असायची आणि दुपारच्या उन्हात त्यांचा जो मनुकांसारखा गोड, जड वास सुटायचा, अगदी तो. तोंडात मात्र गोड नाही, जिभेच्या कडेला थोडं तुरट, आणि गिळल्यावर वास परत वर येतो.

मी पुतण्याला विचारलं, हा वास वरून टाकतात का काही? तो म्हणाला, "नाही काका, याला तुडतुडे लागलेले असतात."

साहेब, तुमच्या शहरी वाचकांना यातली गंमत कळायची नाही म्हणून सांगतो. तुडतुडे म्हणजे पाचराच्या आकाराची हिरवट कीड, पानाच्या मागे बसते, धक्का लागला की तिरपी चालते नाहीतर उडी मारते, आणि पानातला रस ओढते. कपाशीची पानं कडेने पिवळी, मग लाल होतात, खाली वळतात, आणि झाड बसून जातं. बीटी बियाणं बोंडअळीसाठी, तुडतुड्यांवर त्याचा काही इलाज नाही. पानामागे दोन-तीन तुडतुडे दिसले की फवारा असं कृषीवाले सांगतात आणि आम्ही पाठीवर पंप मारतो, एका हंगामात कितीदा ते मोजत नाही. २०१७ च्या हंगामात याच फवारणीत आमच्या जिल्ह्यात विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले, ते तुमच्याच पेपरात पहिल्या पानावर होतं. त्यामुळे तुडतुडे लागले म्हणून माल महाग झाला हे वाक्य आमच्या कानाला कसं लागलं असेल याचा विचार करा.

मी मानलं नाही. मग शोधलं, पुतण्याच्या ओळखीच्या एका मळ्यातल्या माणसाशी फोनवर बोललो, आणि निघालं खरंच. दार्जिलिंगची झुडपं थंडीत झोपतात. फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चमध्ये नवी फूट येते, ती पहिली तोडणी, तिला तिकडे फर्स्ट फ्लश म्हणतात, तो चहा हिरवट-पिवळा, फुलासारखा, थोडा कच्च्या पालवीसारखा. मग मे-जूनमध्ये दुसरी फूट, आणि त्याच वेळी उकाड्यात कोवळ्या पानांवर तुडतुडे आणि फुलकिडे येतात. आपल्या कपाशीवरचाच तुडतुडा नाही तो, पण त्याच्याच भावकीतला. तो रस ओढतो तसं पान आकसतं, वाढ खुंटते आणि झाड स्वतःला वाचवायला आपल्या आत वासाचे पदार्थ तयार करतं, असं मानतात की त्या वासाने तुडतुडे खाणारे मित्रकीटक बोलावले जातात. ते पान तोडून, कोमेजवून, वळून सुकवलं की तोच वास चहात उतरतो, मस्कट नावाच्या सुवासिक द्राक्षासारखा म्हणून त्याला मस्कटेल म्हणतात. मस्कट द्राक्ष मी काही खाल्लं नाही, मी मोह म्हणतो. पाऊस लागला की पानं भराभर वाढतात, पाणचट होतात, तो वास जातो, मग शरदात परत थोडा तांबूस, भरीव चहा येतो. म्हणजे एकाच झुडपाचा चहा महिन्यागणिक वेगळा. कपाशीच्या पहिल्या वेच्याचा कापूस आणि हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर घेतलेल्या फरदडीचा कापूस एका भावात कोणी घेत नाही, मग चहाच्या पुड्यावर नुसतं 'दार्जिलिंग' लिहून कसं भागतं?

तैवानमध्ये तर यावर अख्खा चहा उभा आहे. शिंचू आणि मियाओलीच्या बाजूला होतो, ओरिएंटल ब्यूटी म्हणतात त्याला, पौर्वात्य सुंदरी. तिकडे गोष्ट अशी सांगतात की एका शेतकऱ्याच्या मळ्यात उन्हाळ्यात तुडतुडे पडले, शेजाऱ्यांनी हात झटकले, याने मात्र तीच चावलेली पानं तोडून चहा केला आणि शहरात नेला तर दुप्पट भाव आला. गावात येऊन सांगितलं तर कोणी विश्वास ठेवेना, म्हणून त्या चहाचं गावठी नाव पडलं 'फुशारकीचा चहा'. खरी किती माहीत नाही पण माणसं ओळखीची वाटली, आमच्या पारावर पण हेच झालं असतं. त्या चहात मधासारखा, पिकल्या फळासारखा वास असतो, आणि पानं पाहिली तर पांढरी, हिरवी, पिवळी, लाल, तपकिरी अशी पाच रंगांची दिसतात. आणि मुख्य म्हणजे जिथे हा चहा करायचा तिथे तुडतुड्यांवर फवारा मारता येत नाही. मारला तर वासच गेला.

रोगाने पीक बदलण्याची अजून एक गोष्ट आहे, श्रीलंकेची. तिकडे आधी कॉफी होती. १८६९ मध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा आला (सोयाबीनवाल्यांना तांबेरा सांगायला नको) आणि काही वर्षांत मळेच्या मळे बसले. त्याच्या दोनच वर्षं आधी जेम्स टेलर नावाच्या माणसाने लूलकोंडेराला १९ एकरात चहा लावून ठेवलेला होता. मग सगळे चहाकडे वळले. आता तिकडे उंचीवरून चहा ओळखतात, नुवारा एलियाचा उंचावरचा म्हणून हलका आणि फुलाच्या वासाचा, खालच्या पट्ट्यातला काळा आणि दणकट.

बरं, आता तुमच्या लेखात जी चूक होती ती. तुम्ही लिहिलं की ग्रीन टीचं झाड वेगळं. नाही हो. झाड एकच. त्याचे दोन मुख्य वाण, चीनचा बारीक पानाचा आणि आसामचा मोठ्या पानाचा, पण पांढरा, हिरवा, पिवळा, ऊलाँग, काळा सगळं एकाच झाडाच्या पानाचं, फरक तोडल्यानंतर काय केलं त्याचा. आमच्या घरी मी हे वांग्यावर समजावलं. वांगं चिरून ताटात ठेवलं की काळं पडतं, बरोबर? हवा लागली की आतला रस बदलतो. चिरल्या चिरल्या गरम तेलात टाकलं तर पडत नाही काळं, कारण उष्णतेने ती क्रिया मरते. चहाच्या पानाचं तेच आहे. तोडल्यावर लगेच गरम केलं की तो हिरवा चहा. कोमेजवून, वळून, जखमा करून हवेवर पुरतं काळवंडू दिलं की काळा चहा. मध्येच कुठेतरी थांबवलं की ऊलाँग, आणि ते कुठे थांबवायचं यातच त्या लोकांचं सगळं कसब. पांढऱ्याला तर काहीच करत नाहीत, नुसत्या कळ्या वाळवतात. साधारण चार-साडेचार किलो ओल्या पानाचा एक किलो चहा होतो, क्विंटलभर कपाशीतून तेहतीस-चौतीस किलो रुई निघते हे माहीत असलेल्या माणसाला त्या मेहनतीचा अंदाज येईल, फक्त तिकडे वेचायचं असतं दोन पानं आणि एक कळी, एवढंच.

आणि लेखात चवीसाठी जे शब्द होते, चेस्टनट, ऑर्किड, सीव्हीड, ते इकडे कोणी खाल्लेत? पुण्यात तरी कोणी खाल्लेत? उसन्या जिभेने चव सांगितली की वाचणारा म्हणतो हे आपलं नाही. मी जे प्यायलो ते आमच्या भाषेत सांगून बघतो.

चीनमध्ये हांगचौच्या पश्चिम सरोवराजवळ लाँगजिंग होतो, गरम कढईत हाताने दाबून दाबून पान चपटं करतात, एप्रिलच्या सुरुवातीला त्यांचा छिंगमिंगचा सण असतो, त्याच्या आधी तोडलेला सगळ्यात भारी. त्याचा वास म्हणजे सरळ हुरडा. गोवऱ्यांच्या आरात कणीस भाजून हातावर चोळलं की जो गरम, हिरवा, किंचित दुधाळ वास येतो तो. मी ते पुतण्याला फोनवर सांगितलं तर म्हणे काका तुम्हाला सगळीकडे वावरच दिसते. दिसते बाप्पा, काय करू. जपानचे लोक कढईत नाही, वाफेवर पान तापवतात, म्हणून त्यांचा सेंचा नावाचा चहा जास्त हिरवा, पालेभाजी निवडताना हाताला येतो तसा वास. तोडणीच्या आधी तीनेक आठवडे मळ्यावर सावली करून ठेवली की ग्योकुरो, तो मी एकदाच प्यायलो, कोमट पाण्यात करायचा, आणि चव गोड नाही खारट नाही, वरणाच्या निवळीसारखी तोंडभर. खरं सांगतो मला नाही आवडला. आईला आवडला! आणि त्यांचाच गेनमाइचा नावाचा एक आहे, हिरव्या चहात भाजलेला तांदूळ टाकलेला, पूर्वी गरीब लोक चहा पुरवायला म्हणून टाकायचे म्हणतात. त्यातले काही दाणे फुटून लाह्या झालेले असतात. भंडारा-गोंदियाकडचा आमचा एक पाहुणा आला होता, त्याने कप नाकाशी नेला आणि म्हणाला, हे तर मुरमुऱ्याच्या भट्टीचा वास आहे. त्याला कोणी चवीचा कोर्स शिकवला नव्हता.

लापसांग सूचाँगबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्या, 'स्मोकी' म्हणून. चीनच्या फुजियान प्रांतातल्या वूयी डोंगरातला तो, पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. स्मोकी काय, पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेलं भरताचं वांगं आठवा, तो धूर. कपात वांगं नको वाटणाऱ्यांनी घेऊ नये. त्याच डोंगरात दा हाँग पाओ होतो, खडकाच्या कपारीतली झुडपं, त्यातली सहा जुनी मूळ झुडपं अजून कड्यावर उभी आहेत आणि २००६ पासून त्यांची तोडणी बंद आहे, बाजारात जो मिळतो तो त्यांच्या कलमांचा आणि मिश्रणाचा. कोळशावर भाजतात त्याला, म्हणून काळ्या गुळाच्या कढईचा तळ खरवडल्यासारखा वास. त्याच प्रांतातल्या आनशीचा तिएग्वानयिन नावाचा ऊलाँग हलका भाजलेला असेल तर पार उलट, ताज्या फुलासारखा, त्याची गोळी पाण्यात पडली की पाच मिनिटात अख्खं पान उलगडतं, आमची नात ते बघायलाच बसते. फूदिंगच्या पांढऱ्या कळ्यांचा चहा म्हणजे सिल्व्हर नीडल, कोवळ्या वाळकाची फोड चावल्यासारखा. एवढाच. घाईत प्यायलात तर पाणीच प्यायलात असं वाटेल.

पुअरबद्दल मात्र तुम्ही लिहिलं की 'कुजवलेला चहा, वासाला कुबट'. इथे मला बोलावंच लागतं. पुअर म्हणजे चीनच्या युन्नानचा, मोठ्या पानाच्या झाडांचा, गोल ढेपा करून ठेवतात, एक ढेप ३५७ ग्रॅमची आणि सात ढेपांचा एक गठ्ठा. पूर्वी तो वर्षानुवर्षं ठेवून आपोआप मुरायचा. १९७३ मध्ये कुनमिंगच्या कारखान्यात लवकर मुरवायची पद्धत बसवली, पानांचा ढीग लावायचा, पाणी मारायचं, झाकायचं, आत उष्णता धरते, मग अधून मधून ढीग वरखाली करायचा, दीड-दोन महिने. साहेब, हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज आहे का? नाडेप खत ज्यांच्या नावाने जगभर गेलं ते नारायणराव पांढरीपांडे आमच्याच जिल्ह्यातले, पुसदचे. ज्याने नाडेपचं टाकं भरलं आहे त्याला माहीत आहे की चुकलेला ढीग कुबट नासका घाण मारतो आणि जमलेल्या ढिगाला पहिल्या पावसाच्या जमिनीसारखा वास येतो. चांगला पुअर तसाच. आमच्या शेजारच्या भाऊंना दिला, ते म्हणाले धान्याच्या जुन्या कोठीत तोंड घातल्यासारखं वाटते, पण अजून दे. तुमच्या लेखिकेला चुकलेल्या ढिगाचा मिळाला असेल.

जास्मिन टीला तुम्ही 'परदेशी चमेली' म्हटलं. तो मोगरा आहे हो, आपल्या अंगणातला मोगरा. चीनमधल्या फूचौला मोगऱ्याच्या कळ्या दुपारी तोडतात, रात्री उमलायला लागल्या की चहाच्या पानांत मिसळून ठेवतात, सकाळी फुलं काढून टाकतात, आणि परत ताजी फुलं, असं पाच-सहा रात्री. चहाचं पान शेजारचा वास ओढून घेतं म्हणून हे जमतं. आणि म्हणूनच चहाचा डबा हिंगाच्या नाहीतर मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवायचा नाही, माझा एक पुडा येसराच्या वासाने गेला, त्याचं दुःख अजून आहे. मी उन्हाळ्यात घरच्या मोगऱ्यावर करून पाहिलं, साध्या हिरव्या चहात तीन रात्री फुलं. पहिल्या वेळी फुलं काढायला विसरलो आणि बुरशी आली. दुसऱ्या वेळी जमलं. फूचौइतकं नाही, पण जमलं.

आता आसाम. शहरातले पानाचा चहा पिणारे लोक आसामच्या चहाकडे नाक मुरडतात, ते मला पटत नाही. चांगला अख्ख्या पानाचा आसाम, जूनमधला, भाजलेल्या ज्वारीसारखा आणि वर गुळाचा वास, बिनदुधाचा सुद्धा तोंड भरतो. आणि हा चहा कोणा इंग्रजाने 'शोधला' असं तुम्ही लिहिलंत, १८२३, रॉबर्ट ब्रूस. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथले सिंगफो आदिवासी तो पीत होते, बांबूच्या नळीत पान ठासून चुलीवर धुरावत ठेवत होते, अजूनही ठेवतात. ब्रूसला त्यांच्याकडे पाठवणारा आसामी सरदार मणिराम दिवान, त्याने पुढे स्वतःचे मळे लावले, आणि १८५७ च्या उठावात सामील म्हणून १८५८ मध्ये इंग्रजांनी त्याला फाशी दिली. १८३९ मध्ये आसामचा चहा लंडनच्या लिलावात पहिल्यांदा विकला गेला आणि मग मळे वाढले तसे मजूर लागले, ते आणले छोटा नागपूर आणि मध्य भारतातून, करार करून, मुंडा, उरांव, संथाळ, आणि गोंड सुद्धा. आमच्या गावाच्या बाजूला गोंडांची वस्ती आहे. ज्या नावाची माणसं इकडे कापूस वेचतात त्याच नावाची माणसं तिकडे दीडशे वर्षं चहा तोडतात. तुमच्या पानभर लेखात तोडणाऱ्या माणसाचा फोटो होता, टोपलीवाली बाई, हसणारी. नाव काय, कोणत्या समाजाची, आली कुठून, काही नाही.

निलगिरी आणि कांगड्याबद्दल फार लिहीत नाही, निलगिरीचा डिसेंबर-जानेवारीतला कडाक्याच्या थंडीतला घ्या एवढंच, आणि कांगडा १९०५ च्या भूकंपात मोडला तो परत पूर्वीसारखा उभा राहिला नाही, पण चहा अजून होतो, हलका आणि छान.

करायचं कसं याबद्दल तुम्ही थर्मामीटर सांगितला. कोणाकडे आहे? पाण्याकडे बघा. चिनी लोक म्हणतात बुडबुडे आधी कोळंबीच्या डोळ्याएवढे, मग खेकड्याच्या, मग माशाच्या. मी म्हणतो मोहरी, ज्वारी, वाटाणा. मोहरीला हिरवा चहा, ज्वारीला ऊलाँग, आणि पूर्ण उकळीला काळा आणि पुअर. कपाला लहान चमचाभर पानं, हिरव्याला दोन मिनिटं, काळ्याला तीन-चार. जास्त ठेवलं की कडू, आणि मग लोक म्हणतात ग्रीन टी कडूच असते. आणि खरी अडचण पाण्याची आहे, तिच्याबद्दल तुमच्या लेखात अक्षर नाही. आमच्या बोअरचं पाणी जड, त्यात केलेल्या चहावर राखाडी साय धरते आणि वास सगळा बसतो, तोच पुडा, तोच चमचा. पावसाळ्यात मी पत्र्यावरचं पहिल्या दोन-तीन पावसानंतरचं पाणी कापडाने गाळून धरतो, उन्हाळ्यात आरओच्या कॅनचं आणतो वीस रुपयाला. त्या पाण्यात पहिल्यांदा केला तेव्हा मला वाटलं हा चहाच दुसरा आहे.

पैशाचं म्हणाल तर हिशोब करा. शंभर ग्रॅमला साडेचारशे, कपाला अडीच ग्रॅम, चाळीस कप, म्हणजे सव्वाअकरा रुपये. टपरीवर कट दहाला आहे. ऊलाँग आणि पुअरची पानं तर चार-पाच वेळा परत पाणी ओतून चालतात, दुसरं पाणी पहिल्यापेक्षा चांगलं लागतं. यात श्रीमंती कुठे आली? आणि पोट कमी व्हायचं तर माझं झालं असतं, नाही झालं. उलट जेवणासोबत चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी कमी लागतं, आमच्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असण्याचं प्रमाण बघता ते छापलं असतं तर उपयोग झाला असता.

माझी मागणी छोटी आहे. चहावर परत लिहिलं तर पुड्यावर काय बघायचं ते लिहा, मळा कोणता, तोडणी कोणत्या महिन्याची, पान अख्खं की तुकडे. नागपूरचा संत्रा, भिवापूरची मिरची, वायगावची हळद यांच्या जीआयच्या, म्हणजे त्या गावाच्या मालालाच ते नाव लावता येतं या सरकारी शिक्क्याच्या, बातम्या तुम्ही मोठ्या करता, दार्जिलिंगला तो २००४ मध्येच मिळाला, देशात सगळ्यात पहिला, आणि तरी त्या नावाने भलताच माल खपतो म्हणून तिकडचे मळेवाले ओरडत असतात. आमच्या मिरचीवाल्यांनाही तेच ऐकायचं आहे, बाहेरचा माल भिवापूरच्या नावाने विकला तर काय करता येतं ते.

आई अजून सकाळी गंजातलाच च्या पिते, अद्रक आणि दूध घालून. तो 'च्या' शब्द पण, खरं म्हणजे, चीनमधल्या 'चा'च्या आपल्या छापील 'चहा'पेक्षा जवळचा आहे, आणि तुमचा 'टी' फुजियानच्या किनाऱ्यावरच्या बोलीतला 'ते'. दुपारी मात्र तिला तो वरणाच्या निवळीसारखा ग्योकुरो हवा असतो, पुतण्याला फोन करून सांगते, "बाबू, ते जपानवालं पाणी संपलं."

पत्र कापायचं असेल तर निलगिरी कापा, हिशोब कापा. तुडतुड्यांचं कापू नका, आमच्या गावात पेपर घेणारे सगळे कपाशीवाले आहेत आणि मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ